तलाव बफेलोला गेला त्या दिवशी

मी नागपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. शीत आघाडी, उष्ण आघाडी, समदाब रेषा हे सगळं फळ्यावर इतक्यांदा काढून झालंय की पोरं वर्गात नसली तरी हात आपोआप चालेल. पण आघाडी अंगावरून जाते म्हणजे नेमकं काय होतं, हे मी १९८६ च्या नोव्हेंबरपर्यंत पाहिलेलं नव्हतं. आपल्याकडे वारा ऋतू बघून दिशा बदलतो. एकाच दिवसात तो नैऋत्येचा उत्तरेला जावा आणि सकाळी घाम आलेल्या माणसाचे दुपारी दात वाजावेत, हे मला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बघायला मिळालं. तेही बदकांच्या शिकारीला गेले म्हणून. मी आणि शिकार, हे वाचून आमच्या बुद्धविहारातल्या बायका चष्मा पुसून पुन्हा वाचतील. म्हणून ते कसं घडलं, ते आधी सांगते.

डब्लिन

माझा धाकटा भाऊ प्रकाश कोलंबस शहराला लागून असलेल्या डब्लिनमध्ये राहतो. एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले होते. डब्लिनला सगळे गाव म्हणतात, पण गावात पायी चालणारा माणूस दिसत नाही. मक्याची शेतं एका बाजूने मोडत होती आणि त्यावर एकसारखी घरं उभी राहत होती. प्रत्येक घरासमोर हिरवळ, तिच्यावर कोणी बसत नाही. मी रोज दुपारी फिरायला निघायची, तर दोनदा गाडी थांबवून लोकांनी विचारलं, काही मदत हवी आहे का.

पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना भाचीने बातमी फोडली. मीना नऊ वर्षांची, तिकडेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

"आत्या, डिड यू नो? डॅड इज गोइंग टू शूट डक्स."

वहिनी पोळी वाढता वाढता थांबली. प्रकाश पाण्याचा ग्लास उचलून बराच वेळ पीत राहिला.

"खरं का रे?" मी विचारलं.

"अगं ताई, शेजारचे अर्ल आहेत ना, त्यांनी इन्व्हाइट केलंय. मी कोर्स केला, लायसन्स काढलं. मातीच्या तबकड्यांवर प्रॅक्टिस केली वर्षभर. अजून एकही पक्षी मारला नाही."

"आणि पाणातिपाता वेरमणी?"

हे पंचशीलातलं पहिलं शील, प्राण्याची हत्या करणार नाही. लहानपणी दर रविवारी आम्ही दोघं विहारात शेजारी बसून म्हणायचो.

"कोंबडी तर आपण खातोच ना, ताई."

"खातो."

"मग ती काय आपोआप मरते?"

आमच्या घरी सावजी रस्सा होतो तेव्हा मीच दोनदा मागून घेते. मी पोळी तोडली.

अर्ल म्हणजे पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, सहा फुटी, एका बाजूने लंगडत चालणारा माणूस. त्याच्या कमरेत धातूचा सांधा बसवलेला होता. प्रकाश डब्लिनला आला त्या पहिल्या हिवाळ्यात बर्फात गाडी कशी हाकायची, हे त्यानेच शिकवलं होतं. त्याचा मुलगा दूर ॲरिझोनाला गेल्यापासून त्याला शिकारीला जोडीदार राहिला नव्हता. प्रकाश मला 'ताई' म्हणतो हे ऐकून त्याला तेच माझं नाव वाटलं. तो मला 'मिस टाय' म्हणायचा.

"मिस टाय यांनी यावं," तो म्हणाला. "सरोवराकाठच्या आमच्या घरी माझी बायको हेलन आहे, सोबत होईल. आणि वादळ येतंय. भूगोलाच्या बाईंनी चुकवू नये असं."

मारणं बघायला मी गेले असते की नाही, सांगता येत नाही. वादळ बघायला गेले.

एरीचा किनारा

उत्तरेला अडीच तास सपाट जमीन. कापलेल्या मक्याची खुंटं, मधेच एखादं पांढरं चर्च, पुन्हा खुंटं. मग एकाएकी जमीन संपते आणि एरी सरोवर लागतं. नागपूरची माणसं पाण्याला तलाव म्हणतात, अंबाझरीला तलाव आणि यालाही तलाव. पण याचा पलीकडचा काठच दिसत नाही. पलीकडे कॅनडा आहे, हे नकाशावरून माहीत, एवढंच.

अर्लचं लाकडी घर सँडस्कीच्या खाडीजवळ, दलदलीच्या काठाला होतं. हेलन बुटकी, गोल चेहऱ्याची, सतत हसणारी. तिने घेवड्याच्या शेंगा डबाबंद मिळणाऱ्या दाट सूपमध्ये घालून ओव्हनमध्ये भाजल्या होत्या. मिठाची पुडी शेजारी, तिखटाचं नाव नाही. मी पिशवीतून जवसाची चटणी काढली. हेलनने बोटाने चाखली.

"हे तर आम्ही घोड्यांना घालतो!" ती म्हणाली. आणि पुन्हा बोट बुडवलं.

भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं पितळी वायुभारमापक होतं. अर्लने जाता येता त्याच्या काचेवर टिचकी मारायची सवय लावून घेतली होती. काटा दर टिचकीला थोडा खाली सरके.

"उद्या बदकं उडतील," तो म्हणाला.

"कशावरून?"

"चांगल्या हवेत बदक आळशी असतं. पाण्याच्या मधोमध जाऊन बसतं आणि डुलक्या काढतं. आपण काठावर बसून त्याच्याकडे बघायचं. वादळ जवळ आलं की त्याला आधी भूक सुटते. खाली, दलदलीवरून फिरायला लागतं. मग लाटा उठल्या की मधोमध बसवत नाही, म्हणून आडोशाला येतं. आणि वादळ पुढे सरकून वारा उत्तरेचा झाला, की कॅनडातली नवी बदकं त्या वाऱ्यावर बसून येतात. पंखांना कष्ट नाहीत."

"म्हणजे वादळाच्या आधी, वादळात आणि वादळानंतर. मग शिकाऱ्याला धोका कधी?"

अर्ल हसला. "तिन्ही वेळा."

मला आमच्या नवेगावबांधच्या तलावावर उतरणारी बदकं आठवली. ती येतात तेव्हा आपल्याकडे आभाळ कोरडं ठाक असतं. त्यांचा प्रवास वादळांतून होतो, हे आपल्याला कुठून कळणार? आपण त्यांना फक्त मुक्कामावर बघतो.

दलदल

उजाडायच्या आधी निघालो. सपाट बुडाची होडी, तिला छोटं इंजिन, पुढे अर्लची काळी लॅब्रडॉर कुत्री डॉली. मी वहिनीचं पिसांचं जाकीट आणि प्रकाशची जुनी पँट घातली होती. त्या दोघांच्या अंगात छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी, खांद्यांवरून पट्टे घेतलेल्या. हवा मात्र विचित्र उबदार. नोव्हेंबरात, कॅनडाच्या तोंडाशी, मी जाकिटाची चेन उघडून बसले होते. वारा नैऋत्येचा, दमट, सारखा लागत होता.

पाण्यात रोवलेल्या खांबांवर एक खोपटी होती, पाणकणसांनी शाकारलेली. शिकाऱ्याने लपून बसायच्या अशा जागेला ते 'ब्लाइंड' म्हणतात. तळाला फळ्या, बसायला बाक, कोपऱ्यात छोटी गॅसची शेगडी. समोरच्या पाण्यात अर्लने वरच्या थव्यांना भुलवायला प्लास्टिकची बदकं सोडली, दोरीला वजन बांधून. ती लाटांवर अशी खरी डुलत होती की डॉलीही त्यांच्याकडे एकदा बघून मग तोंड फिरवायची.

उजाडलं आणि अर्लचं म्हणणं खरं ठरलं. पाणकणसांच्या शेंड्यांवरून बदकांचे थवे सरकायला लागले. कुठे उतरू, कुठे खाऊ, अशी घाई. हिरव्या डोक्याची मोठी बदकं, मागून चिमुकली चक्रांग बदकं. अर्लने लाकडी शिट्टी तोंडात धरली आणि हुबेहूब बदकाच्या आवाजात बोलावलं. थवा वळला. त्याने दोन बार काढले, दोन बदकं पडली, डॉलीने पोहत जाऊन एकेक आणलं. आवाजाने माझे कान बंद झाले. बदक पडताना आधी मान सोडतं, एवढं माझ्या लक्षात राहिलं.

प्रकाशचे पहिले बार फुकट गेले. मला बरं वाटलं, आणि त्याचा चेहरा पाहून वाईटही वाटलं.

मी बंदुकीकडे बघायचं टाळून पाण्याकडे बघत होते, म्हणून मला ते आधी दिसलं. समोरच्या खांबावर ओली रेघ होती आणि पाणी तिच्या वीतभर खाली होतं. थोड्या वेळाने हातभर खाली.

"प्रकाश, इथे भरती-ओहोटी असते का रे?"

"नाही ना, ताई. समुद्र थोडीच आहे."

मी बोट दाखवलं. त्याने अर्लला सांगितलं. अर्ल उठून उभा राहिला, वाऱ्याकडे तोंड करून.

"तलाव बफेलोला चाललाय," तो म्हणाला.

एरी सरोवर लांबट आहे, नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं. आम्ही त्याच्या पश्चिमेच्या टोकाला. बफेलो शहर दुसऱ्या टोकाला. नैऋत्येचा वारा जोर करून सुटला की सगळं पाणी ढकलत तिकडे नेतो आणि इकडचा काठ उघडा पडतो. परातीत पाणी घेऊन ती एका बाजूने उचलावी तसं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

"निघायचं का?" प्रकाशने विचारलं.

"निघायला हवं होतं," अर्ल म्हणाला. होडीचं बूड तोवर गाळात टेकलं होतं. "आता थांबायचं. वारा वळला की पाणी परत येतं. आज संध्याकाळपर्यंत येईल."

त्याचा आवाज शांत होता, पण त्यानंतर त्याने शिट्टी तोंडाला लावली नाही.

बदकांना मात्र आम्ही अडकल्याचं काही नव्हतं. खुल्या पाण्यावर लाटा पांढऱ्या झाल्या होत्या आणि तिथून उठून ती आडोशाला येत होती. प्रकाशने पुन्हा बंदूक उचलली. वर एक जोडी आली, लांब मानेची, नराची शेपटी सुईसारखी निघालेली. मी ओळखलं. तलवार बदक. हेच नवेगावला सैबेरियातून येतं. तेच इथे. "अरे, हे तर..." असं मी म्हणेपर्यंत बार झाला.

नर पडला, पण मेला नाही. एक पंख मोडून तो उघड्या पडलेल्या गाळावर आपटला आणि दुसऱ्या पंखाने स्वतःला ओढत दूर जायला लागला. अर्लने डॉलीला सोडलं. ती पोटापर्यंत रुतली, धडपडली आणि कशीबशी परत आली. बदक बंदुकीच्या टप्प्याबाहेर गेलं होतं.

प्रकाशने बंदूक ठेवली आणि उतरायला लागला.

"जाऊ नकोस," अर्ल म्हणाला.

"जखमी पक्षी सोडायचा नाही, हे तुम्हीच शिकवलं."

"पाणी असतं तेव्हा शिकवलं. हा गाळ आहे."

मग प्रकाश माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "ताई, असं तडफडत ठेवून नाही बसवत मला."

मी त्याला थांबवलं नाही. मलाही बसवत नव्हतं.

पहिली काही पावलं नीट पडली. मग गुडघ्यापर्यंत. मग तो बदकाजवळ पोचला, वाकून ते उचललं, छातीशी धरलं आणि वळायला गेला तर वळेना. गाळ मांड्यांपर्यंत आला होता. एक पाय उपसायला गेला की दुसरा खाली जाई. त्याने हाक मारली, पण वाऱ्याने अर्धी नेली.

आणि त्याच वेळी ती आली, माझी शीत आघाडी. पश्चिमेला काळा-निळा पट्टा होता तो डोक्यावर सरकला. ऊब एकदम गेली, कोणी दार उघडं टाकावं तशी. वारा क्षणभर थबकला, मग पश्चिमेकडून असा आदळला की खोपटीवरची पाणकणसं उडाली. पाऊस आडवा, त्यात बर्फाचे कण. इतकी वर्षं फळ्यावर मी तिला निळ्या खडूने काढत होते, टोकं-टोकं असलेली रेघ. आता त्या रेघेखाली माझा भाऊ उभा होता.

अर्लने कंबर धरून खाली उतरायचा प्रयत्न केला आणि थांबला. "मी गेलो तर दोघे अडकू," तो म्हणाला. मग त्याने खोपटीच्या तळाच्या दोन रुंद फळ्या उचकटल्या. दोरी काढली. माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं वजन किती?"

"सत्तेचाळीस किलो."

"पाउंडात सांगा."

हिशेब करायला मला सुचेना. "थोडंच आहे," मी म्हटलं.

एक फळी गाळावर टाकायची, तिच्यावर पालथं पडायचं, दुसरी पुढे सरकवायची, तिच्यावर सरकायचं, मागची ओढून घ्यायची. दोरीचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं अर्लकडे. मी चाळिशीला आलेली बाई, आयुष्यात झाडावरही चढले नव्हते. गाळाला कुजक्या पाल्याचा वास होता. बोटं बधिर झाली. मला भीती वाटत होती का, आठवत नाही. फळी डावीकडे कलते आहे, तर उजव्या कोपराने दाबायची, एवढंच डोक्यात होतं.

जवळ गेले तेव्हा प्रकाशचे ओठ निळे पडले होते. बदक अजून त्याच्या हातात जिवंत होतं, मान वर करून.

"हे आधी घे," तो म्हणाला.

मी ते जाकिटाच्या आत सरकवलं. मग दोरी सोडून त्याच्या काखेतून घेतली. मागून अर्लचा आवाज येत होता, विजार सोड, विजार सोड. प्रकाशची बोटं चालत नव्हती, म्हणून खांद्यावरचे पट्टे मीच काढले. त्याने फळीवर छाती टेकली, अर्लने दोरी ओढली, मी त्याच्या स्वेटरला धरून मागे खेचलं. गाळाने खूप वेळ काही ऐकलं नाही. मग घोट घेतल्यासारखा आवाज झाला आणि तो आतल्या लोकरी पायजम्यावर बाहेर आला. रबरी विजार तिथेच राहिली, उभीच्या उभी.

परत सरकताना बदक माझ्या पोटाशी होतं. त्याची धडधड लागत होती, माझ्यापेक्षा पुष्कळ जलद.

खोपटीत पोचल्यावर मी ते बाहेर काढलं. अर्लने हात पुढे केला, मी दिलं. त्याने मनगट एकदा फिरवलं. संपलं. मला काही बोलायचं होतं की नाही, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. त्या वेळी मी फक्त पाहिलं की त्याने बदकाचे डोळे मिटवून मग ते खाली ठेवलं.

प्रकाशला शेगडीजवळ बसवलं. माझं जाकीट त्याला, अर्लची लोकरी टोपी त्याला, डॉली त्याच्या पायांवर. थर्मासमधली कॉफी त्याच्या हाताला धरून पाजली. तो कुडकुडत होता. अर्ल म्हणाला, "कुडकुडतोय तोवर बरंय. कुडकुडायचा थांबला तर सांगा." मग आम्ही दोघं त्याच्याकडेच बघत बसलो.

दुपारनंतर वारा वायव्येला गेला, मग उत्तरेला. पाऊस थांबला. पाणी आवाज न करता आलं, आधी खाचांतून, मग सगळीकडून. आणि वरून ती नवी बदकं आली. उंचावरून, रांगांमागून रांगा, पंख अगदी थोडे हलवत. आभाळाचा एकही तुकडा रिकामा नव्हता. काही आमच्या समोर, हाताच्या अंतरावर उतरली. अर्लची बंदूक बाकावर होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग प्रकाशकडे, आणि शेगडीची ज्योत वाढवली.

होडी तरंगली तेव्हा उजेड अजून होता.

हेलनचं स्वयंपाकघर

हेलनने प्रकाशला गरम पाण्याच्या टबात बसवलं आणि अर्लला माझ्यादेखत जे सुनावलं, त्यातलं निम्मं मला कळलं नाही, सूर पूर्ण कळला. अर्ल खाली मान घालून बंदुका पुसत होता. बायकोची बोलणी खाणारा नवरा सगळीकडे सारखाच दिसतो.

रात्री तिने बदकं भाजली, कांदा आणि सफरचंद पोटात भरून. तलवार बदक कोणतं, हे मी विचारलं नाही. अर्लने जेवणाआधी देवाचं नाव घेतलं, आम्ही दोघं हात जोडून बसलो. प्रकाश ताटाकडे बघत होता.

"नको असेल तर राहू दे," मी म्हटलं.

"नाही. खायचं," तो म्हणाला. "मारलंय तर खायचं."

मीही खाल्लं. मांस गडद, दाट चवीचं, जवसाच्या चटणीबरोबर चांगलं लागलं. एका घासाला दाताखाली कडक लागलं. बंदुकीचा छर्रा होता. मी तो ताटाच्या कडेला ठेवला. कोंबडीच्या रश्श्यात असं काही दाताखाली येत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं.

प्रकाश अजून शिकारीला जातो. नैऋत्येचा वारा असला तर जात नाही, असं फोनवर सांगतो. मी त्याला जा म्हणत नाही आणि जाऊ नको असंही म्हणत नाही.

निघायची सकाळ

सकाळी कडक ऊन आणि कडक थंडी. प्रकाश अर्लचा जुना कोट घालून माझ्याबरोबर काठापर्यंत आला. पाणी भरून आलं होतं, काल काही झालंच नाही असं. दूरवर, मधोमध, हजारो बदकं बसली होती, बहुतेक मान पाठीत खुपसून झोपलेली. रात्रभर उडून आलेली असणार.

"काल फार भीती वाटली का रे?" मी विचारलं.

त्याने थोडा विचार केला. "रुतलो तेव्हा नाही. तेव्हा त्या पक्ष्याचंच डोक्यात होतं. तू फळीवर आडवी झालेली दिसलीस ना, तेव्हा वाटली."

"का?"

"तू बुडाली असतीस तर मला तिथून हलताही आलं नसतं, ताई."

मी त्याच्या कोटाची कॉलर वर केली. लहानपणी शाळेत जाताना करायची तशी नाही, जरा जोरात. मग आम्ही बदकांकडे बघत उभे राहिलो. थंडीने डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याच्याही आणि माझ्याही. हेलनने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे हललो.